औंध मुलखातील वैद्य आणि रोगी

औंध म्हटले की यमाईचा डोंगर आणि श्रीभवानी संग्रहालय एवढेच बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येते. आम्हांला मात्र हे गाव दुसऱ्याच कारणाने विचार करण्याजोगे वाटते. आजच्या सातारा-सांगली जिल्ह्यांत विखुरलेल्या या छोट्या संस्थानात आरोग्याची शिकवण थेट राजगादीवरून आली.

१९०९ साली गादीवर बसलेले भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी पूर्वी डंबेल्सचा व्यायाम करीत. १९०८ च्या सुमारास मिरजेच्या अधिपतींच्या सूचनेवरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले, आणि पुढे संस्थानच्या शाळांतून ते सक्तीचे झाले. राजेसाहेबांची तळमळ निःसंशय खरी होती. जे सांगितले ते त्यांनी आधी स्वतः आचरले. परंतु औषध सांगणारा राजाच असेल, तर 'महाराज, हे मला मानवत नाही' असे म्हणायला कोण धजावणार? दिवसभर खुरपणीला वाकून कंबर धरलेल्या कुणब्याने राजाला उलट प्रश्न विचारावा, अशी रीतच नव्हती.

हाच व्यायाम विलायतेत गेला तेव्हा मात्र त्याचा वेश पालटला. लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंनी राजेसाहेबांचे पुस्तक इंग्रज वाचकांसाठी संपादिले. १९३८ साली ते निघाले ते 'आरोग्याचा दहा कलमी मार्ग' अशा अर्थाच्या नावाने. औंधात जी उपासना होती, तिची लंडनमध्ये कलमे झाली. खटाव-आटपाडीच्या शेतकऱ्याशी बोलतानाही असेच कष्ट घ्यावे लागतात, हे वैद्यकाच्या ध्यानी यायला वेळ लागला.

खरे तर आपल्या भाषेने हे काम फार पूर्वी करून ठेवले होते. मुंबईत १८०२ साली पहिली लस टोचली गेली. ज्या रोगाला लोक 'देवी' म्हणत, जो अंगावर आला म्हणजे घरात पाहुणी आली असे समजून कडुलिंबाचा पाला बांधीत, त्या रोगाविरुद्ध सुई घेऊन येणारा परका माणूस म्हणजे देवीचा अपमानच. पण मराठी माणसाने लस टोचण्याला नाव दिले 'देवी काढणे'. या दोन शब्दांत देवीचा मानही राहिला आणि दंडावर लसही टोचली गेली. कोणत्याही सरकारी खात्याला इतका नेमका शब्द सुचला असता, असे आम्हांला वाटत नाही.

औंधच्या दक्षिणेला मिरज. तेथे प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उघडले आणि १८९७ साली वैद्यकीय शाळा काढली. शस्त्रक्रियांसाठी त्यांचे नाव दूरवर गेले, पण आमच्या मते त्या शाळेचे मोल अधिक आहे. कारण तिच्यातून या देशातले तरुण डॉक्टर होऊन बाहेर पडू लागले. 'अंगात वारं शिरलंय', 'उष्णता झालीय', 'जीव घाबरा होतोय' ही वाक्ये पुस्तकात सापडत नाहीत. ती ज्याने आजीच्या तोंडून ऐकली, त्यालाच पुढचा प्रश्न कोणता विचारावा ते कळते. आजही शहरातून खेड्यात आलेला तरुण डॉक्टर या शब्दांपाशी अडतो, त्यांना अडाणीपणा समजतो. मग रोगी 'व्हय, डॉक्टर' म्हणून उठतो आणि गोळ्या फळीवर पडून राहतात.

स्त्रीची गोष्ट तर आणखी अवघड. तिचे दुखणे सासू सांगणार किंवा नवरा, आणि 'अंगावरून जाते' एवढे म्हणतानाही तिची मान खाली. परक्या पुरुषापुढे हिंदी स्त्री आपले दुखणे बोलू शकत नाही, म्हणून आपण डॉक्टर होणार, असे आनंदीबाई जोशी यांनी १८८३ साली श्रीरामपूर येथील भाषणात सांगितले होते. फिलाडेल्फियाहून पदवी घेऊन त्या १८८६ साली परतल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली होती. तेथे त्या रुजू होऊ शकल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, क्षयाने त्यांना नेले.