शैवल की बीळ? : सागरी प्राण्यांच्या खुणारूप जीवाश्मांच्या संग्रहाचा इतिहास

प्रस्तावना

जीवाश्म म्हटले की शंख, हाडे, दात अथवा पानांचे ठसे डोळ्यांसमोर येतात. परंतु प्राण्याचे शरीर नष्ट होऊन केवळ त्याची कृती खडकात शिल्लक राहावी, असाही जीवाश्मांचा एक मोठा वर्ग आहे. समुद्रतळाच्या चिखलात कोरलेली बिळे, सरपटण्याच्या रेषा, विसाव्याचे खळगे, अन्नशोधाच्या वाटा या सर्वांचा त्यात समावेश होतो. त्यांना खुणारूप जीवाश्म, म्हणजेच ट्रेस फॉसिल असे म्हणतात. त्यांचा संग्रह करण्याची परंपरा जुनी आहे. मात्र एकोणिसाव्या शतकातील बहुतेक काळ संग्राहक जे गोळा करीत होते ते नेमके काय आहे, याविषयी ते स्वतःच गैरसमजात होते. हा गैरसमज कसा निर्माण झाला, तो कसा दूर झाला आणि त्यातून संग्रहशास्त्राला कोणता बोध मिळतो, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

‘फ्यूकॉइड’चा कालखंड

फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ अडॉल्फ ब्राँन्यार यांनी १८२०च्या दशकात जीवाश्म वनस्पतींचे पद्धतशीर वर्गीकरण केले. खडकांतील शाखायुक्त, दोरीसारख्या आकृत्यांना त्यांनी सागरी शैवलांत स्थान दिले. ‘फ्यूकस’ या शैवलाच्या नावावरून ‘फ्यूकॉइड’ ही संज्ञा रूढ झाली आणि पुढील अर्धशतकात ती सर्वत्र पसरली. दक्षिण अमेरिकेच्या प्रवासाहून परतलेल्या आल्सीद दॉर्बिन्यी यांनी १८४२ मध्ये बोलिव्हियातील दुहेरी पट्ट्यांसारख्या आकृतींना तेथील माजी राष्ट्राध्यक्ष आंद्रेस द सांता क्रूझ यांच्या सन्मानार्थ ‘क्रुझियाना’ हे नाव दिले. न्यूयॉर्क राज्यात जेम्स हॉल यांनी १८५२ मध्ये ‘रूसोफायकस’ व ‘आर्थ्रोफायकस’ ही नावे योजली. ‘फायकस’ हे पद शैवलवाचक ग्रीक शब्दापासून आलेले आहे. नामकरणातील अग्रक्रमाच्या नियमामुळे ही नावे आजही प्रचलित आहेत. अर्थ कालबाह्य झाला, नाव मात्र टिकले.

हा गैरसमज केवळ अज्ञानातून उद्भवला नव्हता. संग्रहाच्या रीतीनेही त्याला हातभार लावला. चिखलात कोरलेल्या चरीत किंवा बिळात वरून वाळू भरते, कालांतराने तिचा वालुकाश्म होतो आणि मऊ शेल झिजून गेल्यावर ती आकृती वालुकाश्माच्या खालच्या पृष्ठावर उठावदार दिसते. संग्राहक ती फरशी उचलून उलटी करी आणि कपाटात मांडी. मूळची पोकळी अशा रीतीने भरीव देठासारखी भासे. खडकातील वर-खाली ही दिशा हरवली की शैवल आणि बीळ यांतील भेद करणारा पुरावाही हरवत असे.

नाथोर्स्ट यांचे प्रयोग

या मताला निर्णायक आव्हान दिले ते स्वीडिश संशोधक आल्फ्रेड नाथोर्स्ट यांनी. विशेष म्हणजे ते स्वतः जीवाश्म वनस्पतींचे अभ्यासक होते. वनस्पती कशी असते हे जाणणाऱ्यानेच या आकृती वनस्पतींच्या नाहीत असे सांगितले. जिवंत कृमी, कवचधारी प्राणी इत्यादींना मऊ थरावरून चालवून त्यांनी उमटलेल्या खुणांचे प्लॅस्टरचे साचे घेतले आणि ते ‘फ्यूकॉइडां’शी ताडून पाहिले. १८८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रबंधाने अनेक तथाकथित शैवले म्हणजे प्राण्यांच्या वाटा व बिळे असल्याचे दाखविले. शाखा फुटणे हे वनस्पतीचेच लक्षण मानले जाई. परंतु समुद्री कृमीही शाखायुक्त खुणा निर्माण करतो, हे त्यांनी दाखवून दिले.

फ्रान्समधील पुरावनस्पतिशास्त्रज्ञ गास्ताँ द सापोर्ता यांनी १८८२ व १८८४ मधील ग्रंथांतून शैवलपक्षाचे जोरदार समर्थन केले, तर नाथोर्स्ट यांनी १८८६ मध्ये पुन्हा उत्तर दिले. हा वाद व्यक्तींचा कमी आणि पद्धतींचा अधिक होता. एका बाजूस कपाटातील नमुन्याचा आकार होता, तर दुसऱ्या बाजूस तो आकार घडविणारी क्रिया होती.

सिनसिनाटीचे संग्रह

अमेरिकेतील ओहायो राज्यातील सिनसिनाटी शहराभोवती ऑर्डोव्हिसियन काळातील चुनखडक व शेल यांचे जीवाश्मसमृद्ध थर आहेत. तेथील हौशी अभ्यासकांनी अपार परिश्रमाने संग्रह केले. व्यवसायाने वकील असलेले सॅम्युएल मिलर यांनी सी. बी. डायर यांच्यासह १८७८ मध्ये अनेक नवी ‘फ्यूकॉइड’ नावे प्रसिद्ध केली. १८८४-८५ मध्ये जोसेफ जेम्स यांनी त्याच परिसरातील अशा नमुन्यांची छाननी केली आणि त्यांतील पुष्कळ नमुने शैवले नसून प्राण्यांच्या खुणा किंवा निर्जीव क्रियांचे परिणाम असल्याचे प्रतिपादन केले.

या भागाचे सविस्तर पुनर्वाचन रिचर्ड ऑसगुड यांनी १९७० मध्ये केले. ‘रूसोफायकस’च्या खळग्यावर ‘फ्लेक्सिकॅलिमेनी’ हा ट्रायलोबाइट प्रत्यक्ष बसलेल्या स्थितीतील नमुना त्यांनी नोंदविला. खूण आणि ती करणारा प्राणी एकत्र सापडणे ही अत्यंत दुर्मीळ गोष्ट होय. जुन्या संग्राहकांचे निष्कर्ष चुकले होते, पण त्यांचे श्रम वाया गेले नाहीत. त्यांनी जतन केलेले साहित्य पुढील पिढीला तपासता आले.

आकाराकडून वर्तनाकडे

रूडोल्फ रिख्टर यांच्या पुढाकाराने १९२८ मध्ये जर्मनीच्या उत्तर समुद्रकिनाऱ्यावर विल्हेल्म्सहाफेन येथे सेंकेनबर्ग संस्थेचे संशोधनकेंद्र सुरू झाले. भरती-ओहोटीच्या चिखलात आजचे प्राणी कशा खुणा करतात, याचा तेथे नियमित अभ्यास होऊ लागला. याच परंपरेतील आडोल्फ झायलाखर (१९२५-२०१४) यांनी १९५३ मध्ये खुणांचे वर्गीकरण विसावा, संचार, चरणे, अन्नोत्खनन व निवास अशा वर्तनप्रकारांनुसार केले. एकच प्राणी अनेक प्रकारच्या खुणा करतो आणि भिन्न प्राणी सारखीच खूण करू शकतात. त्यामुळे खुणेचे नाव हे प्राण्याचे नाव नव्हे, हे तत्त्व दृढ झाले. पुढे १९६०च्या दशकात त्यांनी खुणांच्या समूहांचा संबंध समुद्राच्या खोलीशी जोडला. शरीरजीवाश्म प्रवाहाबरोबर वाहून जाऊ शकतो. बीळ मात्र जेथे खोदले तेथेच राहते. म्हणूनच स्थळाची नोंद हा या जीवाश्माचा प्राण आहे. कँब्रियन कालखंडाचा आरंभबिंदू १९९२ मध्ये कॅनडातील फॉर्च्यून हेड येथे ‘ट्रेप्टिक्नस पेडम’ या बिळाच्या आधारे निश्चित झाला, यावरून या खुणांचे महत्त्व स्पष्ट होते.

चोरहाटचा धडा

भारतातील एक उदाहरण येथे उद्बोधक ठरते. मध्य प्रदेशातील विंध्य समूहाच्या चोरहाट वालुकाश्मात प्राण्यांची बिळे आढळल्याचा दावा झायलाखर, प्रदीप बोस व फ्रीडरिख फ्ल्यूगर यांनी १९९८ मध्ये केला. खडकाचे वय त्यांनी सुमारे ११० कोटी वर्षे मानले होते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कालमापनांनी ते सुमारे १६० कोटी वर्षे असल्याचे दाखविले. प्राण्यांच्या निर्विवाद खुणा याच्या कितीतरी नंतरच्या असल्याने बहुतेक अभ्यासक त्या आकृती प्राण्यांच्या मानत नाहीत. वर्तनाचे मर्म जगाला शिकविणाऱ्या संशोधकालाही आकाराने चकवावे, यातच या विषयाची कठीणता दिसते.

निष्कर्ष

१. खुणारूप जीवाश्मांच्या इतिहासात प्रमुख चूक निरीक्षणाची नव्हे, तर संदर्भ तुटल्याची होती.

२. नमुन्यापेक्षा त्याचा थर, वरची व खालची बाजू आणि अचूक स्थळ यांची नोंद अधिक मोलाची ठरते.

३. चुकीचे नाव नव्या अभ्यासाने सुधारता येते. न केलेली नोंद मात्र पुन्हा निर्माण करता येत नाही.

४. महाराष्ट्राचा बहुतांश भाग दख्खनच्या बेसाल्टने व्यापलेला असल्याने महाविद्यालयीन संग्रहांतील प्राचीन सागरी नमुने प्रायः बाहेरून येणे स्वाभाविक आहे. मूळ स्थळी सहज परतणे शक्य नसल्याने फरशी उचलण्यापूर्वी तिच्या वरच्या बाजूस खडूने केलेली एक खूणही विद्यार्थ्याच्या हातून घडलेले खरे संशोधनकार्य ठरते.