सदतीस कलमांची कंपनी

१९९९ साली शिकागो शहरात जेसन फ्रीड, कार्लोस सेगुरा आणि अर्नेस्ट किम या तिघांनी संकेतस्थळे बांधून देणारी एक लहानशी कंपनी काढली. तिचे नाव थर्टीसेव्हन सिग्नल्स. अशा कंपनीचे स्वतःचे संकेतस्थळ हे तिचे दुकान असते. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे दुकानाच्या दर्शनी भागात पूर्वी केलेल्या कामांची चित्रे, बड्या गिऱ्हाइकांची बोधचिन्हे आणि दार उघडताच नाचू लागणारी अक्षरे मांडलेली असत. या दुकानात यांपैकी काहीच नव्हते. साध्या पानावर मजकूर होता, आणि तोही क्रमांक घातलेल्या सदतीस छोट्या टिपणांचा. आपण सगळ्याच सेवा देत नाही, आपल्याला पुरस्कारांत रस नाही, संकेतस्थळ पाहणाऱ्यापेक्षा ते वापरणारा माणूस आपल्याला महत्त्वाचा वाटतो, अशा धर्तीची ती विधाने होती.

वाणिज्याच्या अभ्यासकांनी हा इतिहास आपापल्या पद्धतीने सांगितलेला आहे. त्याची पुनरुक्ती करण्याचे येथे प्रयोजन नाही. साहित्याच्या विद्यार्थ्यांसमोर तो मांडावासा वाटतो याचे कारण निराळे आहे. या कंपनीचे मूळ भांडवल गद्य हे होते. ती गद्यावर उभी राहिली, गद्याच्या जोरावर वाढली आणि पुढे ज्या प्रसंगात तिची एक तृतीयांश माणसे सोडून गेली, त्या प्रसंगाच्या मुळाशीही एक लिखित मजकूरच होता.

प्रथम नावाविषयी. हार्वर्डचे पदार्थशास्त्रज्ञ पॉल होरोविट्झ यांनी रेडिओ दुर्बिणीने अंतराळातील संदेशांचा शोध घेतला, तेव्हा प्रचंड गोंगाटातून अवघे सदतीस संकेत असे निघाले की ज्यांचा उलगडा होईना. ते पुन्हा कधी ऐकूही आले नाहीत. गोंगाट आणि संकेत हे द्वंद्व कंपनीने नावातच घेतले. त्याच वर्षी महाजालावर ‘क्लूट्रेन’ नावाचा पंचाण्णव कलमांचा जाहीरनामा प्रसिद्ध झाला होता, आणि त्याची बैठक उघडच मार्टिन ल्यूथरच्या १५१७ मधील पंचाण्णव सिद्धांतांची होती. कलमवार जाहीरनामा हा त्या वर्षांचा आवडता वाङ्मयप्रकारच होता म्हणा ना. मराठी वाचकाला येथे साठोत्तरी लघुअनियतकालिकांची आठवण होणे स्वाभाविक आहे. छोटेपणा मिरवणे, प्रस्थापितांची टर उडवणे, थोडक्यात आणि ठणकावून बोलणे हा बाणा ओळखीचा वाटतो. साम्य फार ताणू नये हे खरे. अनियतकालिकांना बाजार नको होता, या मंडळींना गिऱ्हाईक हवे होते.

गिऱ्हाईक मिळवण्याची त्यांची एक रीत मात्र समीक्षकाला शोभणारी आहे. कोणीही सांगितले नसताना त्यांनी फेडएक्स, पेपाल यांसारख्या मोठ्या कंपन्यांची पाने घेतली, त्यांत वापरणारा नेमका कोठे अडखळतो ते दाखवले आणि आपल्या मते ते पान कसे असावे याचा नमुना शेजारी मांडला. दुसऱ्याच्या संहितेचे इतके बारकाईने केलेले वाचन हीच त्यांची जाहिरात ठरली. ‘एनॉर्मिकॉम’ नावाची एक खोटी कंपनी रचून, भरमसाट पैसे घेऊन निरर्थक नावे पाडून देणाऱ्या सल्लागारांचे विडंबनही त्यांनी केले. शिवाय एका आठवड्यात, एका ठरावीक रकमेत, एकाच पानाची फेररचना करून देण्याची सेवा त्यांनी सुरू केली होती. कामाची व्याप्ती, मुदत आणि किंमत ही तिन्ही आधीच बांधून टाकलेली.

या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व समजण्यासाठी हा धंदा कसा चालतो ते पाहावे लागेल. संकेतस्थळे बांधून देणाऱ्या छोट्या कंपनीकडे विकायला माणसांच्या तासांखेरीज काहीच नसते. काम आले की माणसे कमी पडतात आणि संपले की त्याच माणसांचे पगार डोईजड होतात. गिऱ्हाईक मुदत पुढे ढकलतो, मजकूर वेळेवर देत नाही, ‘एवढा एक बदल’ म्हणून दहा बदल करून घेतो. पैसे हप्त्यांनी येतात आणि शेवटचा हप्ता हमखास रखडतो. मालक या चक्रातून सुटण्यासाठी आणखी मोठे काम घेतो, त्यासाठी आणखी माणसे घेतो आणि चक्र अधिक मोठे होते. वाढ म्हणतात ती पुष्कळदा हीच.

या वाढीचे टोक पाहायला थर्टीसेव्हन सिग्नल्सला गावाबाहेर जावे लागले नाही. शिकागोतच व्हिटमन-हार्ट आणि यूएसवेब/सीकेएस या दोन कंपन्यांच्या विलीनीकरणातून १ मार्च २००० रोजी ‘मार्चफर्स्ट’ ही अवाढव्य कंपनी जन्मली. तिच्याकडे हजारो कर्मचारी होते आणि जन्मतारखेवरून घेतलेले नाव होते. १० मार्चला नॅस्डॅक निर्देशांक ५,०४८ वर पोचला आणि तेथून कोसळू लागला. ज्या नवजात कंपन्या लाखोंची संकेतस्थळे बांधून घेत होत्या त्याच नाहीशा होऊ लागल्या. एप्रिल २००१ मध्ये मार्चफर्स्टने दिवाळखोरी जाहीर केली. त्याच शहरातली, हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या माणसांची ती छोटी कंपनी मात्र तगली. हा दूरदृष्टीचा विजय होता असे तिचे चाहते सांगतात. मला वाटते, ज्याच्या डोक्यावर ओझेच नाही तो पुरात तरंगणारच. शहाणपणाचा भाग एवढाच की ओझे घेण्याची संधी असतानाही ते घेतले नव्हते. सेगुरा आणि किम सुरुवातीच्या वर्षांतच बाहेर पडले. फ्रीड उरला.

२००१ साली फ्रीडला पीएचपी या संगणकीय भाषेतील एक किरकोळ अडचण आली आणि ती त्याने जाहीरपणे विचारली. उत्तर आले कोपनहेगनहून. उत्तर देणारा डेव्हिड हाइनेमायर हॅन्सन हा तेथील व्यवसाय-महाविद्यालयाचा विद्यार्थी होता. या पत्रव्यवहारातून पुढची वीसहून अधिक वर्षे टिकलेली भागीदारी निघाली. दोघांमध्ये सात तासांचे अंतर होते. हॅन्सन कंपनीसाठी आठवड्याला जेमतेम दहा तास देऊ शकत असे. त्यामुळे जे बोलायचे ते लिहूनच बोलावे लागे, आणि लिहिलेले नेमके असावे लागे. दूरस्थपणे काम करण्याविषयी या दोघांनी पुढे जे तत्त्वज्ञान मांडले, त्याचा उगम या अडचणीत आहे.

गिऱ्हाइकांची कामे वाढली तसा त्यांचा पत्रव्यवहार ईमेलच्या ढिगाऱ्यात हरवू लागला. कोणते काम कोठवर आले आहे, गिऱ्हाइकाने कशाला होकार दिला आहे, हे एका जागी दिसावे म्हणून त्यांनी स्वतःपुरते एक साधन बनवले. संदेश, करावयाच्या कामांची यादी, मुदती, बस्स. गिऱ्हाइके ते पाहून विचारू लागली की हे आम्हालाही मिळेल का. फेब्रुवारी २००४ मध्ये ‘बेसकँप’ या नावाने ते विक्रीस आले. वर्षभरात महिन्याला पाच हजार डॉलर मिळाले तरी पुरे, असा त्यांचा हिशेब होता. तो आकडा सुमारे सहा आठवड्यांत गाठला गेला. यातील एक तपशील मला फार आवडतो. विक्री सुरू झाली त्या दिवशी पैसे आकारण्याची यंत्रणाच तयार नव्हती. आकारणी महिन्याने व्हायची होती, म्हणजे यंत्रणा बनवायला तीस दिवस हाताशी होते. ते त्यांनी वापरले. क्रमशः कादंबरी लिहिणाऱ्यांना या पद्धतीचे नवल वाटू नये.

साधारण वर्षभरात बेसकँपचे उत्पन्न संकेतस्थळांच्या कामाहून अधिक झाले आणि कंपनीने गिऱ्हाइकांची कामे घेणे थांबवले. तास विकण्याचे चक्र अशा रीतीने तुटले. शंभर गिऱ्हाइकांनी दरमहा थोडे थोडे देणे आणि एका गिऱ्हाइकाने वर्षातून दोनदा पुष्कळ देणे यांत रकमेचा फरक नसला तरी स्वातंत्र्याचा फरक फार मोठा आहे.

बेसकँप बांधताना हॅन्सनने रूबी ही भाषा वापरली होती. जपानच्या युकिहिरो मात्सुमोतो यांची ही भाषा १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली होती, पण पाश्चात्त्य संकेतस्थळांच्या कामात तिला कोणी फारसे विचारत नव्हते. बांधकाम पूर्ण झाल्यावर त्यातील पुन्हापुन्हा लागणारा भाग हॅन्सनने वेगळा काढला आणि जुलै २००४ मध्ये ‘रूबी ऑन रेल्स’ या नावाने सर्वांना मोफत व मुक्त केला. ट्विटर, शॉपिफाय, गिटहब यांची सुरुवातीची बांधणी याच साधनावर झाली. आपल्याकडेही त्याचे धागे पोचले. पुण्यात २००७ साली सुरू झालेली जोश सॉफ्टवेअर ही कंपनी रूबीच्या कामावरच उभी राहिली, आणि रूबीकारांची भारतीय परिषद पुढे पुण्यात आणि गोव्यातही भरली. हॅन्सनचे या साधनाविषयीचे म्हणणे साहित्याच्या अंगाने जाणारे आहे. २०१४ च्या एका भाषणात त्याने, आपण अभियंते नसून सॉफ्टवेअरचे लेखक आहोत, असा पक्ष मांडला. संहिता वाचनीय असली पाहिजे, तिचे पुनर्लेखन झाले पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. अलंकारिक बोलणे म्हणून ते सोडून देता येईल, पण रूबीतील चांगला लिहिलेला मजकूर ज्याने पाहिला असेल तो एवढ्यावर सोडणार नाही.

२००६ साली कंपनीने आपले अनुभव ‘गेटिंग रिअल’ या पुस्तकात एकत्र केले. ते प्रकाशकाविना, थेट वाचकांना विकले. छोटी प्रकरणे, ठाम वाक्ये. सदतीस टिपणांचीच ही वाढलेली आवृत्ती. माणसे नेमताना दोन उमेदवारांत निवड करणे अवघड झाले तर ज्याला अधिक चांगले लिहिता येते त्याला घ्यावे, असा त्यात सल्ला आहे, आणि तो नुसता संगणकाच्या कामापुरता नाही. भाषेच्या अध्यापकांनी वर्गात सांगावा असा हा पुरावा आहे, अर्थात विद्यार्थी विश्वास ठेवतील तर. २०१० मधील ‘रीवर्क’ने हे विचार फार मोठ्या वाचकवर्गापर्यंत नेले.

त्याच २००६ साली जेफ बेझोसने कंपनीतील अल्प हिस्सा विकत घेतला. तो पैसा कंपनीत न जाता दोघा मालकांकडे गेला. परके भांडवल न घेण्याची शिकवण देणाऱ्यांच्या चरित्रातले हे पान त्यांचे भक्त घाईने उलटतात. ते पान नीट वाचले तर त्यात ढोंग दिसत नाही, परंतु स्वावलंबनाचा उपदेश करणाऱ्याचे घर आधीच सुरक्षित झालेले होते हे दिसते. फेब्रुवारी २०१४ मध्ये इतर उत्पादने बाजूला ठेवून कंपनीने स्वतःचे नावच बेसकँप केले. तेव्हा तिच्यात चाळिसाच्या आसपास माणसे होती.

आता त्या दुसऱ्या मजकुराकडे. ग्राहकसेवेतील काही मंडळी २००९ च्या सुमारापासून एक यादी ठेवत होती. तिचा विषय गिऱ्हाइकांची ‘मजेशीर’ नावे हा होता. त्यांत काही युरोपीय-अमेरिकी नावे होती, तशीच आशियाई आणि आफ्रिकीही होती. परक्या देशातल्या नोंदवहीत ज्यांच्या नावाआडनावाची दैना झाली आहे अशा वाचकांना अधिक सांगायला नको. यादी मालकांना ठाऊक होती. २०२१ च्या आरंभी कर्मचाऱ्यांनी ती चर्चेला आणली. मालकांनी चूक मान्य केली. मात्र काहींनी या यादीचा संबंध वंशद्वेषाच्या मोठ्या परंपरेशी जोडला तो त्यांना मान्य झाला नाही. सर्वसमावेशकतेसाठी एक समिती बनली होती, तिच्यात सुमारे एक तृतीयांश कर्मचारी स्वेच्छेने आले होते. वादही अर्थात लेखीच होत होता, बेसकँपच्याच पानांवर.

२६ एप्रिल २०२१ रोजी फ्रीडने बदलांची घोषणा प्रसिद्ध केली. कंपनीच्या खात्यावर सामाजिक-राजकीय चर्चा बंद. समित्या बंद. झालेल्या निर्णयांवर घोळत बसणे बंद. एकूण सहा कलमे होती, क्रमांक घातलेली. जुना घाट, जुनी ठाम वाक्ये. १९९९ ची कलमे दुकानाबाहेरच्या जगाला उद्देशून होती आणि ती एका लहान कंपनीने बड्यांना उद्देशून लिहिली होती. या वेळी त्याच शैलीत मालक आपल्या नोकरांशी बोलत होते. थोडक्यात आणि निर्विवादपणे बोलण्याचा जो गुण बंडखोरीत मोहक वाटतो, तोच सत्तेच्या तोंडी हुकमासारखा ऐकू येतो. मजकुराचा अर्थ बोलणाऱ्याच्या जागेवर किती अवलंबून असतो याचे यापेक्षा स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. मालकांची बाजू अगदीच पोकळ होती असे नाही. साठाच्या आत असलेल्या कंपनीत प्रत्येक वाद प्रत्येकाच्या टेबलावर येतो आणि काम थांबते. पण ज्यांना आपण चांगले लिहितात म्हणून निवडले, त्यांना काय लिहू नये हे सांगण्याची वेळ आली, हेही विसरता येत नाही.

ज्यांना हे पटत नाही त्यांना सहा महिन्यांपर्यंतचे वेतन देऊन निरोप देण्याची तयारी मालकांनी दाखवली. ३० एप्रिलच्या सभेनंतर काही तासांतच राजीनाम्यांची रांग लागली. साधारण एक तृतीयांश कर्मचारी गेले, त्यांत वर्षानुवर्षे काम केलेले जाणकारही होते. कंपनी बुडाली नाही. तिने नव्याने माणसे घेतली, गिऱ्हाइकेही बहुतांशी टिकली.

मे २०२२ मध्ये तिने बेसकँप हे नाव पुन्हा उत्पादनापुरते ठेवून स्वतःसाठी थर्टीसेव्हन सिग्नल्स हे जुने नाव परत घेतले. नंतर नवे संकेतस्थळ मांडले तेव्हा त्याचा घाटही ओळखीचा होता. चित्रांऐवजी मजकूर, आणि क्रमांक घातलेली सदतीस टिपणे.