पन्नास की साठ?

मोजमापाचा इतिहास म्हणजे माणूस आपल्या डोळ्यांवर अविश्वास ठेवावयास कसा शिकला त्याचा इतिहास होय, असे मी वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. १८२० साली कोपनहेगनच्या ऑर्स्टेडला तारेजवळची होकायंत्राची सुई हललेली दिसली. त्यातूनच पुढे गॅल्व्हानोमीटर जन्मास आला. १९२३ मध्ये ब्रिटिश टपाल खात्यातील अभियंते डोनाल्ड मकॅडी यांच्या कल्पनेतून ‘अ‍ॅव्होमीटर’ बाजारात आला: अँपिअर, व्होल्ट आणि ओहम एकाच पेटीत! चांगल्या यंत्रांच्या तबकडीवर आरशाची पट्टी असे. सुई आपल्याच प्रतिबिंबावर झाकली गेली की डोळा सरळ आहे, असे समजावयाचे. पुढे कॅलिफोर्नियात अँड्र्यू के यांनी आकडे दाखविणारा व्होल्टमीटर बनविला आणि डोळ्याची ही जबाबदारी संपली. निदान मला तसे वाटले.

आमच्या प्रयोगशाळेत अमेरिकेहून आलेला एक जुना डिजिटल मल्टिमीटर होता. उष्णतायुग्माचे एक टोक बर्फात आणि दुसरे उकळत्या पाण्यात ठेवून एक विद्यार्थी दाब मोजीत होता. क्रोमेल-अ‍ॅल्युमेलचा दाब ४.१ मिलिव्होल्टच्या आसपास येतो. परंतु याचे शेवटचे आकडे सारखे नाचत होते. त्याने वहीत लिहिले, “वाचन स्थिर होत नाही.” मी म्हणालो, “हात स्थिर ठेव.” तो हळूच म्हणाला, “सर, हात नाही हलत.” मी गुण कापले.

पुढे एकदा यंत्राच्या मांडणीत शिरलो, तेव्हा वीजपुरवठ्याच्या आवर्तनांपुढे आकडा दिसला: ६०.

हे यंत्र क्षणाचा दाब मोजीत नाही. ठराविक काळातील दाबाची बेरीज करून सरासरी काढते. भिंतीतल्या विजेची गुणगुण तारांत शिरतेच. पण बेरजेचा काळ एका पूर्ण आवर्तनाइतका असला की तिचा धन भाग ऋण भागाशी फिटतो. आपल्याकडे सेकंदास ५० आवर्तने, म्हणून हा काळ २० सहस्रांश सेकंद. अमेरिकेत ६०, म्हणून सुमारे १६.७. आमचे यंत्र तेवढ्यातच बेरीज आटोपत होते. गुणगुणीचा जवळजवळ पाचवा हिस्सा आकड्यांत उरू शकत होता.

हा फरक निसर्गाचा नव्हे, इतिहासाचा. जपानात टोकियोने १८९५ मध्ये जर्मन जनित्रे घेतली, ओसाकाने पुढल्याच वर्षी अमेरिकन. म्हणून आजही त्या देशाच्या पूर्वेस ५० आणि पश्चिमेस ६० आवर्तने आहेत.

मी ५० ठेवले, बेरीज दहा आवर्तनांची केली, रेंज कायम केली, तारांना पीळ दिला आणि यंत्र तापू दिले. आकडे थांबले. थांबलेला आकडा खरा असतोच असे नाही, हेही खरे. त्यासाठी यंत्र प्रमाणाशी पडताळावे लागते. ते प्रमाण एकेकाळी वेस्टनचा घट होते. १९९० पासून जोसेफसनचा परिणाम आहे.

निकाल तोवर लागून गेला होता. त्या दिवशी त्या प्रयोगशाळेत एकच वाचन अचूक झाले होते, आणि तेच मी लाल शाईने खोडले होते.