कलकत्त्याचें एक शव आणि चव्वेचाळीस वर्षांचा शोध

इतिहास म्हटला कीं राजे, लढाया आणि तहनामे आपल्या डोळ्यांपुढें उभे राहतात. परंतु बोटाच्या पेराएवढ्या एका कृमीलाहि इतिहास आहे, आणि त्याचें पहिलें पान कलकत्त्यास लिहिलें गेलें. तीच हकीकत आज सांगावयाची आहे.

सन १८७४ मध्यें कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजांत एका तरुण चिनी सुताराच्या शवाची तपासणी झाली. प्राध्यापक जेम्स मॅक्कॉनेल यांनीं यकृत कापून पाहिलें, तों पित्तनलिका चपट्या, पानाच्या आकाराच्या कृमींनीं तुंबलेल्या आढळल्या. असा कृमि तोंवर कोणीं वर्णिला नव्हता. पुढील वर्षीं हा वृत्तांत लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकांत प्रसिद्ध झाला, आणि कॉबोल्ड या इंग्रज शास्त्रज्ञानें त्या पर्णकृमीला चीन देशावरून नांव दिलें.

कृमि सांपडला, परंतु तो त्या सुताराच्या देहांत शिरला कोणत्या वाटेनें? या साध्या प्रश्नाचें पुरें उत्तर मिळण्यास चव्वेचाळीस वर्षें लागलीं. १९१० च्या सुमारास जपानी संशोधक कोबायाशी यांनीं दाखवून दिलें कीं, या कृमीचीं पिल्लें गोड्या पाण्यांतील माशांच्या मांसांत दडून असतात. उरलेला दुवा मुतो यांनीं १९१८ मध्यें जुळविला. तो म्हणजे तळ्यांतील एक चिमुकली गोगलगाय.

हा प्रवास मोठा नवलाचा आहे. रोग्याच्या विष्ठेबरोबर अंडीं पाण्यांत जातात. गोगलगाय तीं गिळते, आणि तिच्या शरीरांत एका अंड्यापासून अनेक पिल्लें निपजतात. तीं बाहेर पडून पोहूं लागतात आणि रोहू-कटल्याच्या कुळांतील माशांच्या खवल्यांखालीं शिरून स्वतःभोंवतीं कोश करून बसतात. असा मासा मनुष्यानें, कुत्र्यानें वा मांजरानें कच्चा खाल्ला कीं कोश आंतड्यांत विरतो, आणि सुटलेलें पिल्लूं पित्ताच्या वाटेनें यकृतांत चढतें. तेथें तो कृमि वीस वर्षांहूनहि अधिक काळ जगूं शकतो. दक्षिण चीनमध्यें तर मासे पाळण्याच्या तळ्यांवरच शौचकूप बांधण्याची जुनी रीत होती. त्यामुळें हें चक्र अखंड फिरत राही.

हें दुखणें किती पुरातन? १९७५ मध्यें चीनच्या हूपै प्रांतांत, इ. स. पूर्व १६७ मध्यें मरण पावलेल्या एका अंमलदाराचें शव थडग्यांतून जवळजवळ शाबूत निघालें. त्याच्या देहांत याच कृमीचीं अंडीं मिळालीं. तो अंमलदार आणि कलकत्त्याचा सुतार यांच्यामध्यें दोन हजार वर्षें गेलीं. पण दोघांनाहि बाधा झाली ती एकाच प्रकारच्या खाण्यानें.

या कृमीचा एक भाऊबंद ईशान्य थायलंडांत आहे. तेथें कच्च्या माशाची कोशिंबीर पिढ्यान्‌पिढ्या आवडीनें खाल्ली जाते. तो कृमि पित्तनलिकेचा कर्करोग उत्पन्न करतो, असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग-संशोधन संस्थेनें १९९४ मध्यें दिला, आणि २००९ मध्यें चिनी कृमीसहि त्याच पंक्तींत बसविलें. १९७० नंतरच्या दशकांत प्राझिक्वान्टेल नांवाचें गुणकारी औषध निघालें. पण औषध घेऊन घरीं गेलेला मनुष्य पुन्हा तोच मासा खातो, आणि कृमि पुन्हा येतो. मीठ-मसाला चोळून वा आंबवून त्या कोशांची खात्री देतां येत नाहीं. मासा नीट शिजविणें हाच भरंवशाचा उपाय.

शास्त्रज्ञांनीं कृमीची वाट शोधून काढली, त्याला शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं. तरी ती वाट बंद झालेली नाहीं. कारण तें काम आतां प्रयोगशाळेंतील राहिलें नसून चुलीजवळचें आणि शौचकूपाजवळचें आहे. आपल्याकडे मासळी शिजवूनच खाण्याची चाल आहे. ती चाल घालून देणाऱ्या आपल्या आज्या-पणज्यांना या कृमीची वार्ताहि नव्हती. चांगली संवय ज्ञानाच्या आधींहि रक्षण करते, आणि वाईट संवय ज्ञानानंतरहि सुटत नाहीं, हेंच या लहानशा इतिहासाचें सार आहे.