पुसलेल्या फायलींची पुनर्प्राप्ती (लिनक्स)

चुकून काढून टाकलेल्या फायली लिनक्स या मुक्तस्रोत संगणकप्रणालीवर परत मिळवण्याची प्रक्रिया. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकची ‘बॉस’ ही प्रणाली डेबियन लिनक्सवर आधारलेली असल्याने हे विवेचन तिलाही लागू पडते.

खिडकीतून माउसने काढलेली फाइल सहसा कचरापेटीत जाते आणि मूळ जागेच्या नोंदीसह तिथे राहते. टर्मिनलमध्ये ‘आरएम’ आज्ञेने काढलेली फाइल कचरापेटीत जात नाही. फोल्डरमधले तिचे नाव निघते, डिस्कवरची जागा मोकळी ठरते. मजकूर मात्र त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत टिकतो. ती फाइल एखाद्या प्रोग्रॅमने अजून उघडी धरलेली असेल, तर तो बंद करू नये. ‘प्रॉक’ फोल्डरमधून तिची प्रत काढता येते. एरवी संगणक ताबडतोब बंद करावा, पेनड्राइव्हवरून सुरू करावा आणि पुनर्प्राप्तीची साधने मूळ डिस्कवर कधीही बसवू नयेत. एसएसडीवर ‘ट्रिम’ (मोकळ्या ठरलेल्या जागेतला मजकूर डिस्कने कायमचा पुसणे) होऊन गेले असेल, तर आधी घेतलेल्या बॅकअपशिवाय काही हाती लागत नाही.

२००८ मध्ये स्थिर ठरलेल्या एक्स्ट-४ या फाइलव्यवस्थेत फाइल पुसताना मजकुराच्या जागेचे दुवेही खोडले जातात. फाइलव्यवस्थेतील बदलांची नोंदवही असलेल्या जर्नलमध्ये जुनी नोंद उरली असेल, तर ‘एक्स्टअनडिलीट’ हे साधन काही वेळा नावासकट फाइल परत देते. ‘फोटोरेक’ हे साधन फाइलीच्या आरंभखुणा ओळखून ती उचलते. पण मूळ नावे जातात आणि आकड्यांची नावे असलेल्या फायलींच्या ढिगातून आपली फाइल शोधावी लागते.

साध्या मराठी मजकुराला आणखी एक वाट आहे. संगमेश्वरजवळच्या कसब्यातील कर्णेश्वर मंदिराची टिपणे युनिकोडमध्ये, साध्या मजकूर-फाइलीत लिहिली असतील, तर ‘ग्रेप’ आज्ञेने अख्ख्या डिस्कवर ‘संगमेश्वर’ हा शब्द शोधता येतो. यूटीएफ-८ मध्ये तो ९ चिन्हांचा, २७ बाइटांचा असतो. इतकी लांब बाइटमालिका योगायोगाने दुसरीकडे सापडणे जवळजवळ अशक्य, म्हणून शोध नेमका लागतो. मराठी युनिकोडमध्येच लिहावी, याला हेही एक भक्कम कारण आहे. लिबरऑफिसच्या ओडीटी फाइलीत मजकूर आकुंचित रूपात असल्याने हा शोध चालत नाही. तिथे फोटोरेकच वापरावे. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटांत टाइप केलेला मजकूर डिस्कवर रोमन अक्षरचिन्हांच्या रूपात असतो. त्याच्यासाठी शोधशब्दही त्याच फाँटात टाइप करून, त्याचे रोमन रूप ‘ग्रेप’ला द्यावे लागते.