तबकडीविना दूरचित्रवाणी : ‘ॲरोज’ची तीन वर्षे

१९७१ मध्ये मार्क बोलन डोळ्यांखाली चमकी लावून बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या कार्यक्रमात अवतरला आणि तेव्हापासून ब्रिटनमध्ये ‘ग्लॅम रॉक’ची लाट उसळली, असे साधारणपणे मानले जाते. पन्नाशीच्या दशकातल्या रॉक अँड रोलचा साधा, टाळ्या वाजवायला लावणारा ठेका आणि त्यावर साटिनचे कपडे, उंच टाचांचे बूट व रंगवलेले चेहरे असा नाटकी साज, हे या संगीताचे ढोबळ रूप होते. १९७४ मध्ये ‘ॲरोज’ हा तिघांचा बँड लंडनमध्ये उभा राहिला तेव्हा ही लाट ओसरणीला लागली होती. या ‘ब्रिटिश’ बँडमधला केवळ ढोलवादक पॉल व्हार्ली इंग्रज होता. गायक व बासवादक ॲलन मेरिल हा जाझ गायिका हेलन मेरिल यांचा मुलगा, आधी जपानमध्ये नाव कमावून लंडनला आलेला अमेरिकन, आणि गिटारवादक जेक हूकरही अमेरिकनच.

निर्माता मिकी मोस्ट याच्या ‘रॅक’ या ध्वनिमुद्रिका कंपनीने त्यांना करारबद्ध केले. मोस्टचा धंदा ‘सिंगल’वर, म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक गाणे असलेल्या लहान तबकडीवर चाले, तिच्यासाठी चालेल असे गाणे हेरणे हे त्याचे खरे कसब, आणि ते कोण गाणार हा प्रश्न त्यामानाने दुय्यम. निकी चिन आणि माइक चॅपमन ही जोडी ‘स्वीट’, ‘मड’, सूझी क्वाट्रो अशा अनेकांना गाणी पुरवत असे. तिच्याच ‘अ टच टू मच’ या गाण्याने ‘ॲरोज’ला १९७४ मध्ये ब्रिटिश विक्रीयादीत आठव्या क्रमांकावर नेले. अशा व्यवस्थेत बँडच्या स्वतःच्या रचनेच्या वाट्याला बहुधा तबकडीची मागची बाजू येई. मेरिल आणि हूकर यांच्या नावावर असलेले ‘आय लव्ह रॉक अँड रोल’ हे गाणे १९७५ मध्ये असेच मागच्या बाजूस छापले गेले, आणि पुढे बाजूंची अदलाबदल करूनही ते यादीत शिरले नाही.

पण ते दूरचित्रवाणीवर सादर झाले, आणि ग्रॅनाडा वाहिनीवर मुलांसाठी संगीताचे कार्यक्रम करणाऱ्या म्युरिअल यंग यांनी या बँडला स्वतःची मालिका दिली. १९७६ आणि १९७७ मध्ये तिचे दोन हंगाम झाले. एरवी अशा मालिकेचा हेतूच तबकड्या खपवणे हा असतो. ‘ॲरोज’च्या बाबतीत मात्र व्यवस्थापन आणि कंपनी यांच्यातल्या भांडणामुळे मालिका चालू असताना बँडची एकही नवी तबकडी बाजारात आली नाही. आठवड्याला घराघरांत दिसणाऱ्या बँडचे नवे गाणे दुकानात मिळू नये, हा प्रकार त्या धंद्यातही विरळाच. या अपयशाचे खापर पंकवर, म्हणजे १९७६ पासून रुजू लागलेल्या उघड्या-वाघड्या, साज नाकारणाऱ्या रॉकवर फोडणे सोपे आहे, पण ‘ॲरोज’ची कोंडी मुळात करारातली होती.

तबकड्या न खपवणाऱ्या या मालिकेला एक प्रेक्षक मात्र मोलाचा मिळाला. ‘द रनअवेज’ या अमेरिकन बँडसोबत १९७६ मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर असताना जोन जेट हिने या मालिकेत ‘ॲरोज’ना ‘आय लव्ह रॉक अँड रोल’ गाताना पाहिले. १९७९ मध्ये तिने ते प्रथम ध्वनिमुद्रित केले ते स्टीव्ह जोन्स आणि पॉल कुक यांच्या साथीने, म्हणजे ‘सेक्स पिस्टल्स’ या पंकच्या अग्रणी बँडमधल्या दोघांबरोबर. तेही पुन्हा तबकडीच्या मागच्या बाजूसाठीच. ‘ब्लॅकहार्ट्स’ या आपल्या बँडबरोबर तिने ते नव्याने गायले आणि १९८२ मध्ये अमेरिकेच्या विक्रीयादीत ते सलग सात आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. तोवर मूळ बँड विखुरल्याला बरीच वर्षे झाली होती.