तिप्पट

बुधवार, १९ जुलै २०२३, सकाळ. दरडीला अजून बारा तास.

गोव्यातल्या मोपाच्या पठारावरून विमानं उडू लागली ती ५ जानेवारीला. म्हणजे पेडण्यातल्या लोकांचा विमानांच्या घरघरीतला हा पहिला पावसाळा. या विमानतळासाठी ५४,६७६ झाडं तोडायची होती. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण मंजुरी स्थगित केली आणि जानेवारी २०२० मध्ये ‘शून्य कार्बन’ विमानतळाची हमी नोंदवून घेत स्थगिती उठवली. शून्य हा मोठा सोयीचा आकडा आहे. आंतरराष्ट्रीय विमानांनी जाळलेलं इंधन कुठल्याच देशाच्या उत्सर्जनाच्या बेरजेत धरत नाहीत, ते बाजूला वेगळं लिहून ठेवतात.

आज गोव्यात पाहुणे आहेत. जी-२० देशांच्या ऊर्जा संक्रमण कार्यगटाची चौथी आणि शेवटची बैठक आज सुरू होतेय. शनिवारी मंत्री बसतील, त्याआधी अधिकाऱ्यांनी जाहीरनाम्याचा मसुदा चाळून द्यायचा आहे. यजमान भारत.

दुपार. आठ-नऊ तास.

किनाऱ्याने वर, रायगड जिल्ह्यात, सावित्री आणि पाताळगंगा धोक्याच्या पातळीवर. खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीत ठाकर आदिवासींची इर्शाळवाडी आहे. वस्ती २२८ माणसांची. वर गाडी जात नाही, पायथ्यापासून चढून जायचं. दरडप्रवण गावांच्या यादीत वाडीचं नाव नाही.

संध्याकाळ. चार तास.

गोव्यातल्या मसुद्यात अडलंय काय? एक, खनिज इंधनांचा वापर कमी करत नेण्याची भाषा. दोन, २०३० पर्यंत सौर-पवन वगैरे अक्षय ऊर्जेची क्षमता तिप्पट करण्याचं उद्दिष्ट. तीन, श्रीमंत देशांनी कबूल केलेले वर्षाला १०० अब्ज डॉलर. हे तिसरं प्रकरण जुनंच आहे. २००९ मध्ये कोपनहेगनला शब्द दिला, २०२० ची मुदत घातली, मुदत गेली. आपल्याकडे कर्जदार असा वागला तर त्याला दारात उभं करत नाहीत. इथे तर तोच घेणेकऱ्याला काटकसर शिकवतो.

पण सगळं पाप गोऱ्यांच्या माथी मारूनही चालणार नाही. तिप्पटीला विरोध करणाऱ्यांत सौदी अरेबिया, रशिया, चीन, दक्षिण आफ्रिका, इंडोनेशिया होते, अशा बातम्या आल्या. ‘विकसनशील’ या एकाच टोपलीत तेलाचा राजा आणि इर्शाळवाडीचा ठाकर शेजारी शेजारी बसतात, आणि बोलतो फक्त राजा. जिथवर मोटारसायकलही पोहोचत नाही, त्या वाडीचा धूर किती असणार? चुलीचा.

तिप्पट हा आकडा आणखी एका ठिकाणी आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये मांडलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. त्यासाठी लागणारं बाष्प येतं अरबी समुद्रावरून. एका दरडीचं खापर थेट तापमानवाढीवर फोडता येत नाही. डोंगर कसा आहे, त्यावर काय उरलंय, हेही बघावं लागतं. तरी पावसाने आपली तिप्पट कुणाची सही न घेता केली.

रात्री साडेदहा ते अकरा.

डोंगर खाली आला. वाडी झोपलेली होती.

साडेअकराच्या सुमारास जिल्हा प्रशासनाला कळलं.

गुरुवार, २० जुलै.

मदतीला चढताना नवी मुंबई अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा हृदयविकाराने मृत्यू झाला. यंत्रं वर नेता येईनात, ढगांमुळे हेलिकॉप्टर उडेना. कुदळ, फावडी, घमेली आणि हात. मुख्यमंत्री एकनाथ शिंदे सकाळीच तिथे पोहोचले. विधानसभेत उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसांनी सांगितलं, तीन दिवसांत ४९९ मिलिमीटर पाऊस झाला. अंधार आणि पावसाने काम थांबवलं तेव्हा मृतांचा आकडा १६.

गोव्यात कार्यगटाचा दुसरा दिवस.

शुक्रवार, २१ जुलै. मृत २२.

शनिवार, २२ जुलै.

दोन वर्षांपूर्वी याच तारखेला महाडजवळचं तळिये दरडीखाली गेलं होतं. गोव्यात मंत्र्यांच्या सभागृहात कुणीतरी एवढं एक वाक्य म्हणायला हवं होतं.

पंतप्रधानांचा ध्वनिचित्रसंदेश झाला. मंत्री बोलले. बैठक संपली तेव्हा सर्वसंमत जाहीरनामा नव्हता, त्याऐवजी ‘फलनिष्पत्ती दस्तऐवज आणि अध्यक्षांचा सारांश’ असं लांबलचक नाव निघालं. केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी हिशेब दिला: २९ पैकी २२ परिच्छेदांवर पूर्ण एकमत, ७ अध्यक्षांच्या सारांशात. काही देशांना खनिज इंधनं कमी करण्याऐवजी कार्बन पकडून साठवायचा आहे, असंही ते म्हणाले. देशांची नावं घेतली नाहीत. खनिज इंधनं, तिप्पट आणि १०० अब्ज, तिन्हींवर एकमत झालं नाही.

सप्टेंबरात दिल्लीच्या शिखर परिषदेत तिप्पट मान्य झाली. डिसेंबरात दुबईच्या हवामान परिषदेत तर जवळपास दोनशे देशांनी मानली. म्हणजे जुलैत अशक्य होतं असं नाही.

शनिवारी संध्याकाळी इर्शाळवाडीतले मृत २७.

रविवार, २३ जुलै. पालकमंत्री उदय सामंत यांनी शोधकार्य थांबवल्याचं जाहीर केलं. ५७ जण बेपत्ता.